बापाचा पत्ता आणि मुलाची फी

भारतात टपाल खात्याची मनीऑर्डर १८८० साली सुरू झाली. तिच्यावर संसार चालवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरी पहिल्या रांगेत होता. आजचा सिंधुदुर्गही तेव्हा त्यातच होता. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये उभी राहू लागली आणि १९११ च्या सुमारास शहरातल्या गिरणीकामगारांपैकी जवळजवळ निम्मे या एका जिल्ह्यातले होते. परळ-लालबागच्या एकेका खोलीत दहा-बारा जणांनी राहायचं, पाळीपाळीने झोपायचं, खानावळीत जेवायचं आणि उरेल ते गावी पाठवायचं. त्या पैशांतून आधी सावकाराचं व्याज जाई, मग वाण्याची उधारी, मग घराची कौलं. शाळेची फी यादीत शेवटी असे, पण असे. कोकणातल्या कितीतरी घरांतला पहिला मॅट्रिक झालेला मुलगा याच मनीऑर्डरीवर शिकला. पुढे रत्नागिरीत १९४५ साली गोगटे कॉलेज निघालं, तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या पहिल्या मुलांच्या फीमागेही चाकरमान्यांचा हा पैसा होताच.

त्या बापांनी मुलाला शिकवण्यासाठी घर सोडलं आणि मुलाच्या शिक्षणाचा एक दिवसही पाहिला नाही. त्यांच्यावर फार थोडं लिहिलं गेलं. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूची होती. बाप मुंबईला असतो म्हणून मुलाची फी वाढवावी, असं तेव्हा कुणाला सुचलं नव्हतं. पोराची ऐपत आणि पोराचे मार्क, हिशेब एवढाच.

गोव्याची तऱ्हा निराळी, आणि जास्त कठीण. पोर्तुगीज अमलात पणजीला १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती, लिसेव म्हणजे माध्यमिक विद्यालय होतं. त्यापुढची बहुतेक पदवी हवी तर लिस्बन गाठा, नाहीतर ब्रिटिश हद्दीत या. लिस्बन परवडणारे थोडे. म्हणून बोटीवर खलाशी असलेला, मुंबईच्या कुडात, म्हणजे गोंयकारांच्या सामायिक बिऱ्हाडात, राहून बटलरकी करणारा, किंवा मोंबासा-नैरोबीच्या कचेरीत कारकून असलेला गोंयकार आपली मुलं मुंबईला, बेळगावला, पुण्याला, धारवाडला शिकायला ठेवी. बाप आफ्रिकेत, आई गावात, मुलगा बेळगावच्या बोर्डिंगात, असं तीन ठिकाणी विखुरलेलं घर पिढ्यान्‌पिढ्या चाललं. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी तिथं धेंपे आणि चौगुले ही कॉलेजं उघडली. विद्यापीठाला मात्र १९८५ उजाडावं लागलं. म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ गोव्याचा मुलगा पदवीसाठी घराबाहेर राहत होता, आणि त्याचा खर्च घराबाहेर राहणारा त्याचा बाप भागवत होता. तो खर्च बोटीच्या तिकिटाचा, बोर्डिंगाचा, कपड्यालत्त्याचा होता.

परक्याच्या मुलाकडून वेगळी फी घ्यायची, ही कल्पना जगात तशी अलीकडची आहे. ब्रिटनमध्ये ती १९६७ साली आली. तिथल्या विद्यार्थ्याला वर्षाला सत्तर पौंडांच्या आसपास आणि परदेशी विद्यार्थ्याला अडीचशे, असा फरक तेव्हाच्या मजूर सरकारने केला. पुढे थॅचर सरकारने १९८० पासून परदेशी मुलांकडून शिक्षणाचा पूर्ण खर्च वसूल करायला सुरुवात केली. अमेरिकेत तर एका राज्याचा मुलगा दुसऱ्या राज्यात गेला तरी त्याला जादा फी. तिथं १९८२ साली सर्वोच्च न्यायालयात एक खटला निकाली निघाला. जागतिक बँकेसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थांत नोकरीला असलेल्या परदेशी कर्मचाऱ्यांची मुलं मेरीलँड राज्यात वाढलेली होती, पण त्यांच्या आईबापांच्या व्हिसाकडे बोट दाखवून राज्याचं विद्यापीठ त्यांना स्थानिक फी नाकारत होतं. न्यायालयाने विद्यापीठाचं धोरण रद्द ठरवलं. आज न्यू जर्सी आणि टेक्सासमधल्या मराठी घरांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात आहे. आईबापांचं ग्रीन कार्ड रांगेत अडकलेलं, मुलगी तिथंच लहानाची मोठी झालेली. एकवीस वर्षं पुरी झाली की आईबापांच्या व्हिसावरचा तिचा हक्क संपतो, आणि विद्यार्थी व्हिसा घेऊन तिला परकी म्हणून नव्याने सुरुवात करावी लागते. त्या घरांची घालमेल खरी आहे. पण अमेरिका निदान दुसऱ्या देशाच्या नागरिकाला परकं म्हणते. भारतीय पासपोर्ट असलेल्या भारतीय मुलाला भारतातच परक्याची फी लागते, हे आपलं आपण केलेलं आहे. माझी तक्रार त्याबद्दल आहे.

हे कसं झालं, ते समजायला १९८३ या वर्षाकडे जावं लागतं.

कोकण आणि आखात यांचा संबंध तेलाच्या भरभराटीच्या बराच आधीचा. अबादानच्या तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी मुंबईतून माणसं भरली जात. बहरीनमध्ये १९३२ साली तेल लागल्यावर तिथंही गोव्याची, कोकणची माणसं गेली. साठच्या दशकापर्यंत आखातातल्या कित्येक बाजारांत भारताचा रुपयाच चालत होता; रिझर्व्ह बँकेने १९५९ पासून त्या भागासाठी वेगळ्या नोटाही काढल्या होत्या. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि दापोली, खेड, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धनकडची तरुण पोरं घरटी एक-दोन या हिशेबाने दुबई, सौदी, कुवेतला निघाली. वेल्डर, सुतार, ड्रायव्हर, क्रेन चालवणारे, स्वयंपाकी, स्टोअरकीपर. या लोंढ्याला नियम लावण्यासाठी केंद्राने १९२२ चा जुना कायदा मोडीत काढून १९८३ मध्ये नवा उत्प्रवासन कायदा केला. दहावी न झालेल्या कामगाराच्या पासपोर्टवर परवानगीची अट आजही त्याच कायद्यातून येते.

त्याच १९८३ साली मुंबईत वसंतदादा पाटलांच्या सरकारने खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. हा निर्णय महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातला मोठा निर्णय आहे, आणि त्याला नुसती नावं ठेवून भागत नाही. त्याआधी इंजिनिअर व्हायला मराठी मुलाला पुणे, सांगली, कराड, मुंबईच्या मोजक्या सरकारी-अनुदानित जागांवर आशा ठेवावी लागे. नव्या कॉलेजांनी हजारो घरांत पहिला इंजिनिअर दिला. पण सरकारचा पैसा नाही म्हटल्यावर इमारती आणि प्रयोगशाळा उभ्या करायच्या कुणाच्या जिवावर? पालकांच्या. देणगीचा आकडा इतका वाढला की १९८७ मध्ये राज्याला कॅपिटेशन फीबंदीचा कायदा करावा लागला. देणगी कायद्याने बंद झाली, गरज तशीच राहिली, आणि संस्थांना हक्काचा, कायदेशीर, मोठी रक्कम देऊ शकणारा गिऱ्हाईक हवा झाला. आखातात आणि अमेरिकेत तेव्हा तो तयार होत होता.

पुढची गोष्ट सर्वोच्च न्यायालयातली. उन्नीकृष्णन निकालाने १९९३ मध्ये ‘फ्री’ आणि ‘पेमेंट’ जागांची वाटणी केली आणि त्यानंतरच्या आदेशांनी अनिवासी भारतीयांसाठी काही टक्के जागांची वाट करून दिली. २००२ मध्ये टी. एम. ए. पै निकालाने ती सगळी रचना मोडली. शेवटी १२ ऑगस्ट २००५ ला सात न्यायमूर्तींच्या पीठाने पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल दिला. प्रकरण आपल्याच राज्याचं. खासगी संस्थांनी अनिवासी भारतीयांसाठी जास्तीत जास्त १५ टक्के जागा ठेवाव्यात. त्या खऱ्याखुऱ्या अनिवासी भारतीयांच्या मुलांना किंवा पाल्यांनाच द्याव्यात. गुणवत्तेला अगदीच रजा देऊ नये. आणि या जागांतून येणारा जादा पैसा आर्थिकदृष्ट्या दुर्बळ विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी वापरावा, असं त्या निकालात आहे.

यातल्या शेवटच्या अटीकडे मी वाचकांचं मुद्दाम लक्ष वेधतो. सधन परदेशस्थाने जास्त द्यावं आणि त्यातून गावच्या हुशार मुलाची फी भागावी, यात अन्याय नाही. मला तर ती व्यवस्था आवडते. पण तिला हिशेब लागतो. एका वर्षी या कोट्यातून किती जमा झाले, त्यातून किती मुलांची फी माफ झाली, त्यांची निवड कशी झाली, हे प्रत्येक कॉलेजच्या फलकावर लागायला हवं. किती कॉलेजांत वाचकाला तो फलक दिसला? कोटा मात्र वीस वर्षं बिनचूक चालू आहे. त्यातही ‘पाल्य’ या सोयीतून काका-मामा-आत्याच्या दाखल्यांवर प्रवेश होऊ लागले. पंजाब सरकारने तर दूरचे नातेवाईकही या कोट्यात बसवायचं ठरवलं, तेव्हा सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं आणि ही फसवणूक आहे, ती थांबायला हवी, असं बजावलं. ज्याचा बाप खरोखर बाहेर राबतो, त्या मुलाच्या नावाने ठेवलेल्या जागा ज्याचा बाप इथंच बसून नोटा मोजतो त्याच्या मुलाला मिळत गेल्या, इतकं साधं आहे ते.

आता आकड्यांकडे येऊ. एनआयटीसारख्या केंद्रीय संस्थांत परदेशस्थांच्या थेट प्रवेशाची ‘दासा’ योजना २००१-०२ पासून आहे. त्यातून येणाऱ्या मुलाला शिकवणी शुल्क पडतं वर्षाला ८,००० डॉलर. अमिरातीचा दिरहॅम डॉलरला बांधलेला आहे, ३.६७२५ दिरहॅमला एक डॉलर. म्हणजे ८,००० डॉलरचे झाले २९,३८० दिरहॅम. अमिरातीत बायकोमुलांना जवळ ठेवायचं तर महिन्याला साधारण ४,००० दिरहॅम पगाराची अट असते. ती जेमतेम पुरी करणाऱ्या फोरमनचा वर्षाचा पगार झाला ४८,०००. घरभाडं, धाकट्याची शाळा, गावी आईचं औषधपाणी हे सगळं बाजूला ठेवलं तरी एका मुलाच्या नुसत्या शिकवणीत पगाराचे साठ टक्के गेले. मेस आणि हॉस्टेल पुढेच. रुपया घसरला की आखातवाल्यांची चांदी होते असं आपण म्हणतो. फी डॉलरमध्ये असली की रुपयाच्या घसरणीचा त्यांना एक पैशाचाही फायदा नसतो.

सरकारला हे कळत नाही असं नाही. त्याच दासा योजनेत आखातातल्या भारतीय कामगारांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा आहेत आणि तिथं शुल्क देशातल्या मुलांइतकंच, वर्षाला १,२५,००० रुपये. ही या देशाने परदेशी राबणाऱ्याच्या मुलासाठी केलेली सर्वांत शहाणी तरतूद आहे. पण त्या जागा मोजक्या. ती जागा हुकली की तोच मुलगा, तोच बाप, तोच पगार डॉलरच्या रांगेत. आणि बाप मस्कतऐवजी दार-ए-सलाम किंवा क्वालालंपूरला असेल, तर त्याच्यासाठी ही तरतूद मुळातच नाही, पगार कितीही थोडा असो.

याहून वाईट अवस्था वैद्यकीय प्रवेशाची. महाराष्ट्राच्या ८५ टक्के जागांसाठी राज्याचा अधिवास लागतो, आणि शिवाय दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. बदली होणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या आणि सैनिकांच्या मुलांना यात काही सवलत आहे. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठीही वेगळी सोय आहे, आणि ती असलीच पाहिजे. पण चिपळूणच्या नर्सची मुलगी कुवेतच्या भारतीय शाळेत सीबीएसईची दहावी झाली, तर ती राज्याच्या कोट्यातून बाहेर. घर चिपळूणला, रेशनकार्ड चिपळूणचं, आजी-आजोबा चिपळूणला. मुलीला मात्र अखिल भारतीय १५ टक्के, नाहीतर परदेशस्थांची फी. म्हणून आखातातली कितीतरी मराठी कुटुंबं मुलगी नववीत गेली की मोडतात. आई मुलीला घेऊन गावी परतते, बाप एकटा राहतो, पुन्हा बॅचलर म्हणून दहाजणांच्या खोलीत जातो. शंभर वर्षांपूर्वी परळच्या खोलीत त्याचा पणजोबा जसा राहत होता तसाच तो आता शारजात राहतो, आणि यावेळी त्याला तिथं लोटणारा आपल्याच राज्याचा नियम आहे.

ज्यांना कुटुंब नेणं परवडतच नाही, त्यांची मुलं गावातच शिकतात. त्यांना अधिवासाची अडचण नाही. त्यांची अडचण तहसील कचेरीत सुरू होते. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीला आणि जुलै २०२४ पासून मुलींना मिळणाऱ्या पूर्ण शुल्कमाफीलाही कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्याचा दाखला लागतो. आता आईने टेबलावर काय ठेवायचं? नवऱ्याचा पगार परदेशात मिळालेला, भारतात त्यावर प्राप्तिकर लागत नाही, म्हणून विवरणपत्र नाही. फॉर्म १६ नाही. कंपनीचं पत्र अरबीत, त्यावर शिक्का, त्याचं भाषांतर, त्यावर वकिलातीचं साक्षांकन. प्रवेशाच्या फेरीची मुदत तेवढं थांबत नाही. कर्ज काढू म्हटलं तर बँकेला पालकाची सही हवी, आणि पालक दम्मामला. मग मुखत्यारपत्र, तेही साक्षांकित. महिन्याला पन्नास-साठ हजार पाठवणाऱ्या घरातली बाई शेवटी गावातल्या सराफाकडे बांगड्या ठेवून पहिला हप्ता भरते. हे घडतं, आणि कोकणात राहणाऱ्या कुणालाही ते ठाऊक आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो फालतू नाही. जो इथं प्राप्तिकर भरत नाही, त्याच्या मुलाला करदात्याच्या पैशाने स्वस्त शिक्षण का द्यावं? उत्तर असं की विनाअनुदानित कॉलेजच्या जागेत करदात्याचा पैसा नसतो. आणि सरकारी जागेचं म्हणाल तर इथला रिक्षावाला, शेतकरी, छोटा दुकानदारही प्राप्तिकर भरत नाही, त्याच्या मुलाकडून आपण त्यापायी डॉलर मागत नाही. शिवाय देणं-घेणं मोजायचंच असेल तर पुरतं मोजावं. २०२४-२५ मध्ये परदेशातल्या भारतीयांनी देशात सुमारे १३५ अब्ज डॉलर पाठवले. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार अशा पैशातला २०.५ टक्के वाटा एकट्या महाराष्ट्रात आला, केरळपेक्षाही थोडा जास्त. हा पैसा आयातीची बिलं भागवतो, बँका भरतो, खेडोपाडी घरं बांधतो. त्यावर कुणी आईबापांचा पत्ता विचारत नाही.

आणि परत काय मिळतं? केंद्राची परदेशस्थ मुलांसाठीची शिष्यवृत्ती योजना २००६-०७ पासून आहे. वर्षाला १५० शिष्यवृत्त्या, त्यातल्या ५० उत्प्रवासन परवानगीची अट असलेल्या देशांतल्या कामगारांच्या मुलांसाठी. आखाताच्या सहा देशांत मिळून सुमारे ९० लाख भारतीय आहेत. नव्वद लाखांच्या मागे पन्नास. केरळने १९९६ मध्ये परदेशस्थांसाठी स्वतंत्र खातं काढलं, १९९८ पासून ते राज्य दर काही वर्षांनी घरोघरची स्थलांतर पाहणी करवून घेतं, आणि कमी मिळकतीच्या स्थलांतरितांच्या मुलांना ‘नॉर्का रूट्स’ शिष्यवृत्ती देतं. गोव्यानेही २००८ मध्ये आपली पाहणी करवून घेतली. महाराष्ट्राने केरळसारखी नियमित पाहणी केलेली नाही. रत्नागिरी-रायगडच्या किती घरांतला कर्ता बाहेर आहे, त्यातल्या किती मुलांनी कॉलेज अर्ध्यात सोडलं, हे मंत्रालयात कुणाला सांगता येणार नाही. मोजलंच नाही, मग धोरण कुठून येणार?

करायचं ते अवघड नाही आणि त्याला फारसा पैसाही लागत नाही. फी बापाच्या पत्त्यावर न ठरवता घराच्या मिळकतीवर ठरवा. न्यू जर्सीतल्या डॉक्टरने पाचपट दिली तर देऊ दे, कुवेतच्या ड्रायव्हरला त्याच्या रांगेत उभं करू नका. परदेशातल्या पगाराचा दाखला कसा घ्यायचा, त्याचा एकच नमुना राज्याने ठरवावा आणि तो प्रत्येक तहसीलदाराकडे पोचवावा. इनामदार निकालातल्या जादा पैशाचा कॉलेजवार हिशेब शुल्क नियामक प्राधिकरणाने दर वर्षी जाहीर करावा. आणि वैद्यकीय प्रवेशाच्या नियमात, जिथं बदली होणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या मुलांची सवलत लिहिली आहे, तिथं आईबाप महाराष्ट्राचे रहिवासी असून कामासाठी परदेशी गेलेले असतील तर त्यांच्या मुलांनाही ती लागू होईल, एवढं एक वाक्य जोडावं. पुढच्या प्रवेशाची पुस्तिका छापण्याआधी हे करता येईल. कोकणातल्या आणि मुंबईतल्या आमदारांनी, ज्यांच्या मतदारसंघातली घरं या पैशावर उभी आहेत, हे वाक्य येत्या अधिवेशनात मागून घ्यावं.